कस्तुराबाई ठीक आहेत

३ नोव्हेंबर, सोमवार

पोचले एकदाची बेंगळुरूला! काल निपाणीला बसमध्ये बसले तेव्हा आईनं खिडकीखाली उभं राहून शेवटचा उपदेश केला, की तिथं तरी कुणाशी वाद घालू नकोस. घरात माझी ख्याती अशी, की सगळे पूर्वेला निघाले तर प्रांजली पश्चिमेला जाईल आणि वर सूर्य इकडंच उगवतो म्हणून भांडेल. खरं तर मी भांडत नाही. मला दिसतं ते मी बोलते, एवढंच.

यशवंतपूरला उतरले तर कर्नाटक राज्योत्सवाचे लाल-पिवळे झेंडे अजून रस्त्याभर फडफडत होते. ऑटोवाल्याशी ऐटीत कन्नडमध्ये बोलले. तो हसला आणि म्हणाला, हे बेळगावकडचं कन्नड, इथल्या लोकांना वाटेल मारामारीला आलीस. म्हणजे माझी कीर्ती माझ्याआधी पोचली म्हणायची. पीजी महादेवपुऱ्यात आहे. खिडकीतून शेजारच्या इमारतीची भिंत दिसते, पण खिडकी तरी आहे.

दुपारी ऑफिसात जाऊन आले. काचेच्या उंच इमारतींच्या मागच्या गल्लीत एक जुनी दुमजली वास्तू, तिच्यावर ‘सामूहिक वर्तन अभ्यास केंद्र’ अशी छोटीशी पाटी. प्रमुख गिरीराज सर मृदू बोलतात, चष्मा सारखा पुसतात. माझी मूळ प्रमाणपत्रं त्यांनी ठेवून घेतली, इथं तशीच पद्धत आहे म्हणाले. का म्हणून विचारणार होते, पण पहिलाच दिवस. मानसशास्त्रात एम.ए. करून काय होणार म्हणणाऱ्या समस्त काकांना आज माझा साष्टांग नमस्कार!

५ नोव्हेंबर, बुधवार

काम ऐकून हसूच आलं. मला चुकीचं उत्तर देण्याचा पगार मिळणार आहे.

तळमजल्यावर मागच्या बाजूला एक खोली आहे. खिडकी नाही, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून भिंतींना काळा फोम. ओळीनं सहा खुर्च्या. पाचांवर आम्ही, ज्यांना इथं ‘आतले’ म्हणतात, आणि सहाव्या खुर्चीवर बाहेरून बोलावलेला ‘पाहुणा’. त्याला वाटतं, आपण सगळेच पाहुणे. समोर दोन दिवे लागतात. डावा जास्त प्रखर आहे हे शेंबडं पोरही सांगेल. पण पहिल्या खुर्चीपासून ओळीनं उत्तरं द्यायची आणि आम्ही पाचही जण म्हणतो, उजवा. मग पाहुण्याची पाळी. तो डोळे चोळतो, घसा खाकरतो, आमच्या तोंडांकडं बघतो आणि बहुतेक वेळा म्हणतो, उजवा.

माणूस स्वतःच्या डोळ्यांपेक्षा शेजाऱ्याच्या तोंडावर विश्वास का ठेवतो, हे केंद्राला शोधायचंय. पाहुणे सगळे मराठी, व्हाइटफील्ड-महादेवपुऱ्याच्या कंपन्यांत काम करणारे. सरांचं म्हणणं, परगावी आपली भाषा कानावर पडली की माणूस विरघळतो, आणि विरघळलेला माणूस लवकर मान डोलावतो. सर एकतर्फी काचेच्या पलीकडून बघतात आणि स्पीकरवरून प्रश्न विचारतात. नियम एकच, घंटा होईपर्यंत काहीही झालं तरी कुणी उठायचं नाही.

मी पाचव्या खुर्चीवर, पाहुण्याला खेटून. सगळ्यात महत्त्वाची जागा, असं सर म्हणाले. मी फुशारले.

८ नोव्हेंबर, शनिवार

आज आमच्या ओळीबद्दल लिहिते. पहिल्या खुर्चीवर संताजी अण्णा. बँकेतून निवृत्त, गणेशोत्सवात मराठी मंडळाच्या नाटकात हमखास राजा होणारे. त्यांच्या हातात सरांची चिठ्ठी असते, तिच्यावर आजचं चुकीचं उत्तर. ते बोलतील ती पूर्व दिशा. दुसरी सौम्या, माझ्याहून लहान, दर वाक्याला ‘सरी’, म्हणजे ‘बरं’, म्हणणारी इथलीच मुलगी. चौथा रोशन, पुण्याचा. सॉफ्टवेअरचा कंटाळा आला म्हणून ब्रेक घेतलाय, असं तो रोज एकदा तरी सांगतो.

आणि तिसऱ्या खुर्चीवर कस्तुराबाई. या ऑफिसातलं माझं माहेर! टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेल्या, यशवंतपूरला एकट्या राहतात. त्यांची माणसं चारशे वर्षांपूर्वी इकडे आली ती इथलीच झाली. सगळ्या मुलींना त्या अक्का म्हणतात. परवा डबा उघडून माझ्यापुढं सरकवला, ‘स्वल्प चित्रान्न खा की ग अक्का, वाळून गेलीस.’ तो लिंबाचा भात मी दोन महिन्यांची उपाशी असल्यासारखा जेवले. मुलगी भाग्यलक्ष्मी म्हैसूरला असते, तिचा रोज संध्याकाळी फोन येतो आणि त्या तिला आम्ही दिवसभर काय काय खोटं बोललो ते रंगवून सांगतात.

संताजी अण्णांनी मला शिकवलं. म्हणाले, खोटं बोललीस तर चेहरा फितूर होणार. खोटं बोलायचंच नाही. उजवा प्रखर आहे असं डोळ्यांना पटवायचं आणि मग खरं बोलायचं.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

आज उजवा दिवा खरंच जास्त प्रखर दिसला. अण्णा बोलायच्या आधीच. मी गमतीनं रोशनला सांगितलं तर तो म्हणाला, त्याला पहिल्या आठवड्यापासून तसंच दिसतं.

संध्याकाळी भाजीवालीकडं भेंडी घेत होते. शेंडा मोडून बघितला, मोडेना. शेजारच्या दोन बायका म्हणाल्या, कोवळी आहे हो. मी मुकाट्यानं घेऊन आले. पीजीच्या स्वयंपाकघरात शिजवली, आता दोरी चावल्यागत चावतेय. आईला सांगितलं तर ती म्हणाली, सुधारलीस म्हणायची! आम्ही दोघी हसलो. मला मात्र हे फारसं आवडलेलं नाही.

१७ नोव्हेंबर, सोमवार

दिव्यांचा खेळ संपला, दुसरा टप्पा सुरू. आता वास. छतातल्या एका डबीतून खोलीत वास सोडतात आणि स्पीकरवरून विचारतात, काही वास येतोय का. आम्ही ओळीनं म्हणायचं, नाही. कुठल्या दिवशी कसला वास सोडणार ते आम्हालाही सांगत नाहीत, म्हणजे आमच्या तोंडावर आधीपासून काही उमटायला नको. आज लिंबाचा होता. नाकाला झिणझिण्या येत होत्या आणि बिचारा पाहुणा हुंगून हुंगून म्हणाला, नाही, काहीच नाही.

कस्तुराबाई चहाच्या वेळी म्हणाल्या, उद्या खोलीत म्हैस बांधली तरी आपण नाहीच म्हणणार. हसून हसून पोट दुखलं.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

आज एक पाहुणी आली, भव्या नावाची. शाळेत शिकवते. खोलीत चंदनाचा घमघमाट. आम्ही पाचही जण म्हणालो, नाही. आणि ती पट्कन म्हणाली, अहो, चंदन आहे की! तुमची सगळ्यांची नाकं काय गहाण पडलीत?

काय झालं कुणास ठाऊक, आधी कस्तुराबाई फिस्सकन हसल्या, हो ग बाई म्हणाल्या. मग सौम्या, मग रोशन, मग आम्ही सगळेच. चिठ्ठी गेली उडत. छातीवरचं ओझं उतरल्यासारखं वाटलं. सत्र वाया गेलं, पण सर रागावले नाहीत. म्हणाले, हेच तर आमचं सगळ्यात जुनं निरीक्षण आहे. खरं बोलणारा एकच पुरतो. तो बोलला की बाकीच्यांच्या तोंडाची कुलपं निघतात.

परत येताना मला त्या भव्याचा हेवा वाटला. दोन आठवड्यांपूर्वी मी तीच होते की!

१९ नोव्हेंबर, बुधवार

रस्ता खणून केबल टाकताहेत, त्यामुळं दुपारी वीज जाते. आज सत्राच्या मध्येच गेली आणि मागं जनरेटर धडधडायला लागला. थोड्या वेळानं वास आला. आजचा वास विचित्र निवडलाय सरांनी. जळकट, घशात बसणारा. काही वास येतोय का? नाही, नाही, नाही, नाही, नाही. पाहुणाही म्हणाला, नाही.

नंतर डोकं ठणकायला लागलं. चहाच्या वेळी मी विचारलं, कुणाचं डोकं दुखतंय का. विचारलं मात्र, आणि चौघांनी ओळीनं उत्तर दिलं. अण्णा नाही म्हणाले, सौम्या नाही म्हणाली, कस्तुराबाई कपाळ दाबत नाही म्हणाल्या, रोशन नाही म्हणाला. मग सगळे माझ्याकडं बघायला लागले. मीही म्हणाले, नाही, मी आपलं सहज विचारलं.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

नीट लिहायचं आहे, जसं झालं तसं.

आज पुन्हा वीज गेली, पुन्हा तोच जळकट वास. कस्तुराबाईंनी हिरवी इरकल नेसली होती, पदर नाकाला लावून बसल्या होत्या. प्रश्नांच्या मध्येच त्यांची मान छातीवर कलली. हातातला रुमाल खाली पडला. पाहुणा घाबरून म्हणाला, या काकूंना काही होतंय का. स्पीकरवरून सरांचा आवाज आला, प्रश्न ओळीनं घेऊ या. तिसऱ्या खुर्चीवरच्या बाई ठीक आहेत का?

मला वाटलं, हाही खेळाचाच भाग. नवा टप्पा असेल, कस्तुराबाईंना आधी सांगून ठेवलं असेल. अण्णांनी ओळीवरून नजर फिरवली आणि म्हणाले, ठीक आहेत. सौम्या म्हणाली, ठीक आहेत. तिसऱ्या खुर्चीची पाळी आली. आम्ही थांबलो. रोशन म्हणाला, ठीक आहेत. मी त्यांच्याकडं बघितलं. डोळे मिटलेले, गाल छान गुलाबी, नुकतं न्हाऊन आल्यासारखे. आजारी माणूस असा दिसतो का कुठं? मी म्हणाले, ठीक आहेत. पाहुणाही मग म्हणाला, ठीक आहेत.

घंटा झाल्यावर आम्ही उठलो. सौम्यानं त्यांचा पदर खांद्यावर सारखा केला आणि म्हणाली, डोळा लागलाय, झोपू दे की. आम्ही चहाला गेलो. मी हात लावून बघितला नाही. का नाही लावला?

२२ नोव्हेंबर, शनिवार

सकाळी खोलीत शिरले तर कस्तुराबाई आधीच खुर्चीवर. मी म्हणाले, आज लवकर आलात! अण्णा म्हणाले, हो, त्या लवकर येतात हल्ली.

तीच हिरवी इरकल. रुमाल तसाच खाली.

सत्रात त्यांची पाळी आली की सगळे थांबतात. उत्तराला लागेल तेवढाच वेळ. मग रोशन बोलतो. सगळं सुरळीत चाललं. उठताना माझा हात त्यांच्या हाताला लागला. फरशीसारखा गार, आणि बोटं वळेनात. एसी फार थंड ठेवलाय, म्हणून असेल.

म्हणून नाही. मला माहीत आहे म्हणून नाही.

२४ नोव्हेंबर, सोमवार

काल दिवसभर अंथरुणात पडून होते. सांगायला हवं होतं कुणाला तरी. सांगायला गेले की मनात येतं, ओळीतली तीन शहाणी माणसं आणि काचेमागं एक डॉक्टरेट केलेला माणूस, सगळे आंधळे आणि मी एकटी डोळस? हे कसं शक्य आहे?

आज सरांच्या खोलीत गेले. म्हणाले, सर, कस्तुराबाईंना जरा बघायला हवं. त्यांनी चष्मा पुसला. म्हणाले, आतल्यांपैकी कुणी काही बोललं का? ते पाच जण शेजारी शेजारी बसतात, काही असतं तर बोलले नसते का? मी म्हणाले, त्या पाचांत मी आहे सर, आणि एक त्या स्वतःच आहेत. ते म्हणाले, मग तू सत्रात काय उत्तर दिलंस? आणि रेकॉर्डिंग लावलं. माझाच आवाज. ठीक आहेत.

खोलीत उदबत्ती लावलीय. सगळे स्वेटर घालून बसतात. काही वास येतोय का? नाही. आजच्या पाहुण्यानं रुमाल नाकाला लावला, आमच्याकडं बघून खाली घेतला.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

भाग्यलक्ष्मी आली होती.

म्हैसूरहून सकाळच्या गाडीनं. डोळे सुजलेले. चार दिवस अम्मा फोन उचलत नाही, घराला कुलूप, इथं तरी आलीय का? सरांनी आम्हाला बाहेर बोलावलं. आम्ही तिच्यासमोर उभे राहिलो ते आपोआप ओळीनंच. सौम्या आणि रोशनच्या मध्ये एक जागा मोकळी सोडून. कुणी सांगितलं नव्हतं.

अण्णा म्हणाले, आत्ताच गेल्या. सौम्या म्हणाली, आत्ताच गेल्या. थांबलो. रोशन म्हणाला, आत्ताच गेल्या, बऱ्या दिसत होत्या. मग ती माझ्याकडं वळली. कस्तुराबाईंसारखाच चेहरा, तीच हनुवटी. म्हणाली, तुम्ही प्रांजली अक्का ना? अम्मा तुमच्याबद्दल सांगायची, ही पोरगी कुणाला भीत नाही म्हणून.

खोलीचं दार तिच्या पाठीमागंच होतं. बोट दाखवायचं होतं फक्त.

मी म्हणाले, आत्ताच गेल्या.

ती सुटल्यासारखी हसली. आईसाठी आणलेला म्हैसूरपाकचा डबा माझ्या हातात ठेवला, भेटली की द्या म्हणाली. तो इथं माझ्यासमोर टेबलावर आहे. माझ्या तोंडात किडे पडोत.

२६ नोव्हेंबर, बुधवार

इमारतीच्या मागं जाऊन बघितलं. जनरेटरचं धुराडं वाकून भिंतीला टेकलंय आणि त्याच्या तोंडावरच आमच्या खोलीत हवा ओढणारी जाळी. जाळी काळी ठिक्कर पडलीय. तो वास डबीतला नव्हताच. धूर होता, आणि आम्ही त्याला नाही म्हणत बसलो.

फोनवर वाचलं. असा धूर कोंडला की आधी डोकं दुखतं, मग झोप येते, मग उठवत नाही. आणि गाल गुलाबी होतात.

दुपारी अण्णांना गाठलं. सगळं सांगितलं. म्हातारा रडायला लागला. मी विचारलं, चिठ्ठीवर तर काही नव्हतं, मग त्या दिवशी पहिल्यांदा ठीक आहेत असं का बोललात? ते म्हणाले, मी पहिला असलो म्हणून काय झालं पोरी? मी तुमच्या सगळ्यांच्या तोंडाकडं बघूनच बोलतो. त्या दिवशी शेवटी तुझं तोंड बघितलं. तू शांत होतीस. म्हटलं, ही पोरगी शांत आहे म्हणजे काही नसणार.

म्हणजे मी. पाचवी नव्हते मी. पहिली मीच होते.

आम्ही ठरवलंय, उद्या सत्रात बोलायचं. मी बोलेन, ते लगेच हो म्हणतील. एकच पुरतो.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

प्रश्न आला. खोलीत काही वेगळं वाटतंय का? अण्णांनी माझ्याकडं बघितलं. मी त्यांच्याकडं. मी वाट बघत होते त्यांच्या इशाऱ्याची, ते माझ्या. नाही, म्हणाले. नाही. — नाही. माझी पाळी. नाही.

आजचा पाहुणा विराट नावाचा, दांडगा, व्यायाम करणारा. तो कस्तुराबाईंकडंच बघत होता. त्यांच्या तोंडाकडं, आता गुलाबी राहिलं नाही त्याकडं. घामानं डबडबला. मग एकेकाकडं बघत गेला. मी त्याच्यावर डोळे रोखले, मनातल्या मनात ओरडले, बोल बाबा, तू तरी बोल, तू बोललास की मी बोलते —

नाही, म्हणाला. मग कागदावर लिहून गेला, अनुभव छान होता, आपली माणसं भेटल्यासारखं वाटलं.

आणि एक. तिसऱ्या खुर्चीच्या पाळीला आज मला काहीतरी ऐकू आलं. रोशनलाही आलं असावं. त्यानं मान डोलावली.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

गेले नाही. सकाळीच आईला फोन करून सगळं सांगितलं. सगळं. आई एवढंच म्हणाली, तुझ्या डोळ्यांनी बघितलंस ना, मग ते खरं. पोलिसांत जा, बॅग उचल आणि निपाणीची बस धर. किती दिवसांनी कुणीतरी माझ्या बाजूनं बोललं. ढसाढसा रडले.

उद्या सकाळी ऑफिस उघडलं की प्रमाणपत्रं घ्यायची, कस्तुराबाईंचा एक फोटो काढायचा, तिथून सरळ पोलीस स्टेशन. मग भाग्यलक्ष्मीला सांगायचं. तिच्या पायावर डोकं ठेवून सांगायचं. डबा तिचा तिला परत द्यायचा.

दिवा लावला तर दोन दिसले. खिडकीच्या काचेत पडलेला असेल.

२९ नोव्हेंबर, शनिवार

खोलीतच लिहितेय. वही मांडीवर.

प्रमाणपत्रं कपाटात, सर म्हणाले, एवढं एक सत्र, पाहुणा यायचाय, स्वल्प बस. फोटो काढायला आत यायचंच होतं. बसले. का बसले? माझी खुर्ची मोकळी होती म्हणून.

वीज गेलीय. जनरेटर.

मी बोलले! सगळ्यांसमोर, मोठ्यानं — कस्तुराबाई मेल्यात. आठ दिवस झाले. हा धूर आहे, उठा, बाहेर चला. अण्णांच्या डोळ्यांत पाणी. सौम्यानं तोंडावर हात. रोशन अर्धा उठला. निघालीच होती कुलपं —

स्पीकर. शांतपणे. पुन्हा एकदा ओळीनं घेऊ या. तिसऱ्या खुर्चीवरच्या बाई ठीक आहेत का?

अण्णा माझ्याकडं बघतात. माझं डोकं गरगरतंय, खुर्ची घट्ट धरलीय, तोंड उघडत नाही. त्यांना वाटलं असेल मी शांत आहे. ठीक आहेत, म्हणाले. सौम्या, ठीक आहेत. तिसरी खुर्ची —

मी ठीक हाय की ग अक्का. स्वल्प डोकं दुखतंय.

ऐकलं. सगळ्यांनी ऐकलं. रोशन, ठीक आहेत.

मी —

मीही तेच म्हणाले.

पाय उचलत नाहीत. घंटा झालेली नाही. पाहुण्याची खुर्ची रिकामीच, कुणी येणार नाही आज. सौम्या वाकून बघतेय, म्हणते, प्रांजली अक्का, किती छान गुलाबी दिसतेयस ग आज.

फोन वाजतोय. माझा. आई. बस धरलीस का विचारायला. हात पोचेना. खाली पडला. रोशननं उचलून अण्णांकडं पाठवला — ओळ पहिल्या खुर्चीपासून. प्रांजली ठीक आहे, म्हणाले. सौम्याकडं दिला. ठीक आहे, काकू. मग तिनं तिसऱ्या खुर्चीवरच्या मांडीवर ठेवला, सगळे थांबले, लागेल तेवढा वेळ. आई ऐकतेय. हसली पलीकडं. मग रोशन. ठीक आहे.

माझ्या कानाला लावलाय. आई विचारते, सगळे सांगताहेत, पण तू सांग. तुला काय दिसतं ते तू सांग.

सगळे माझ्याकडं बघताहेत. डोकं आता दुखत नाही. उजवा दिवा छान प्रखर

आई, मी ठी